टेबल सॉचे पाते आणि फेन्स लावताना सुरुवात खाचेपासून करावी

टेबल सॉवर, म्हणजे ज्याचे गोल पाते टेबलातून वर आलेले असते त्या करवत-यंत्रावर, चिरलेल्या फळीची कड तपकिरी जळकी निघत असेल, अर्धी फळी पुढे गेल्यावर ती जड लागत असेल किंवा कापलेल्या कडेवर कमानीसारखे ओरखडे दिसत असतील, तर नवशिक्या माणूस आधी पात्याला बोथट ठरवतो आणि नवे पाते विकत आणतो. काही वेळा पाते खरोखरच बोथट असते, पण माझ्या अनुभवात दोष अधिक वेळा यंत्राच्या जुळणीत सापडतो. पाते, फेन्स (म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती बाजूची सरळ पट्टी) आणि टेबल ही तीन अंगे एकमेकांशी समांतर नसली की लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला घासते, तापते आणि शेवटी अडकते. छत्रपती संभाजीनगरहून टेम्पोत घालून हिंगोली किंवा किनवटपर्यंत आणलेले नवे यंत्र कारखान्यातून कितीही काटेकोर लावून निघालेले असले, तरी वाटेतल्या हादऱ्यांनी त्याची जुळणी हललेली असू शकते. त्यामुळे पहिली फळी चिरण्याआधी किमान अर्धा दिवस मोजमापासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. टेबलावर मायटर गेज, म्हणजे आडवा काप घेताना लाकूड टेकवायचा सरकता आधार, सरकण्यासाठी जी लांब खाच कोरलेली असते, ती टेबलाबरोबर एकाच ओतीव आणि घडीव कामात तयार झालेली असते आणि ती आपल्याला हलवता येत नाही. म्हणून तीच आपली आधाररेषा होय. आधी पाते खाचेला समांतर करावे, मग फेन्स खाचेला समांतर करावी आणि त्यानंतर पात्यामागची सुरी पात्याच्या रेषेत आणावी. बरेच जण फेन्स पात्याला जुळवून घेतात आणि काम झाले असे समजतात. अशा वेळी फेन्सला लावून चिरलेला माल बरा निघतो, परंतु मायटर गेजने आडवा कापलेला तुकडा जळतो, आणि दोष कुठे आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

वीज तोडल्याशिवाय हात लावू नये

बटण बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. एक फेजच्या यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढून तो टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवावा. तीन फेजच्या यंत्राचा मेन स्विच खाली पाडून त्याचे फ्यूज काढून खिशात ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या कोणी नकळत स्विच वर केला तरी मोटार फिरणार नाही. आपल्या भागात वीज जाते आणि कधीही परत येते, त्यामुळे हा मुद्दा इथे अधिक गंभीर आहे. साध्या खटक्याच्या बटणावर चालणारे यंत्र वीज गेल्यावर थांबते, खटका मात्र चालूच राहतो, आणि वीज परत आली की पाते आपोआप फिरू लागते. कॉन्टॅक्टर (कॉइलच्या जोरावर जोडलेला राहणारा स्विच) असलेल्या स्टार्टरमध्ये वीज जाताच आतली कॉइल सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटार सुरू होत नाही. आपल्या यंत्राला असा स्टार्टर नसेल, तर जुळणीच्या कामाआधी इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्यावा. जळालेल्या कडेपेक्षा ही उणीव जास्त घातक आहे.

पाते हाताने फिरवावे लागणार असल्याने त्या कामापुरते जाड हातमोजे घालण्यास हरकत नाही. यंत्र चालवताना मात्र हातमोजे कटाक्षाने काढावेत, कारण दाता कापडात अडकला की तो हातालाही सोबत ओढतो. गळ्यातले उपरणे, लोंबती बाही, मनगटावरचा गंडा-दोरा आणि कडे यांनाही हाच नियम लागू आहे. डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ आणि नाकावर मास्क हवा. लाकडाच्या बारीक धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत झालेली आहे, त्यामुळे मास्ककडे दुर्लक्ष करू नये.

धोका नेमका कुठून येतो

पात्याचे वरचे दाते आपल्याकडे येत असतात. पुढच्या बाजूला ते खाली जातात आणि लाकडाला टेबलावर दाबून धरतात, तर मागच्या बाजूला ते टेबलातून वर उठतात. जोवर लाकूड मागच्या दात्यांना स्पर्श करत नाही तोवर सारे सुरळीत चालते. फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल, तर पुढे सरकणारी फळी पाते आणि फेन्स यांच्यामध्ये पाचरीसारखी दाबली जाते, मागचे दाते तिला उचलतात आणि आपल्या दिशेने भिरकावतात. २५४ मिमी, म्हणजे १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. त्या वेगाने परत येणारी पट्टी पाहून बाजूला होण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही.

मी परभणीत काम शिकत असताना १८ मिमी प्लायची दोन बोटे रुंद पट्टी चिरत होतो. फेन्स मी टेपने पुढच्या टोकाला मोजून लावली होती आणि मागच्या टोकाला मोजलेच नव्हते. पट्टी शेवटच्या वितीभर अंतरावर असताना पात्याचा आवाज एकदम जड झाला आणि पट्टी माझ्या कमरेजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळली. गिलाव्याचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला होता. मी पात्याच्या रेषेपासून थोडा डावीकडे उभा होतो, एवढ्यामुळेच वाचलो. नंतर मोजले तेव्हा फेन्स मागच्या टोकाला जेमतेम १ मिमी आत होती.

आधी साफसफाई आणि पाते बसवणे

टेबल, खाच आणि फेन्सच्या रुळावरचा भुसा ब्रशने झाडावा. खाचेच्या कोपऱ्यात दबून बसलेला भुसा बारीक पटाशीने किंवा काडीने काढावा, कारण तिथला कण गेजच्या पट्टीला तिरपे करतो. टेबलाखालचा भुसाही काढावा. पाते ९० किंवा ४५ अंशांवर थांबावे म्हणून आत जे बोल्ट असतात, त्यांच्या टोकांवर राळ आणि भुसा यांचा थर बसतो आणि पाते पूर्ण सरळ होण्याआधीच अडते. कित्येकदा ‘कोन बिघडला’ ही तक्रार एवढ्या सफाईने मिटते.

पाते काढताना नट पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने सैल होतो, ही खूण लक्षात ठेवावी. आर्बर म्हणजे पाते ज्या दांड्यावर बसते तो भाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या म्हणजे फ्लँज, हे सारे कोरड्या कापडाने पुसावे. फ्लँजवरचा वाळूच्या कणाएवढा कचराही १० इंची पात्याच्या कडेला स्पष्ट डुलवतो. पाते परत बसवताना वरच्या दात्यांची तोंडे आपल्याकडे आहेत याची खात्री करावी. नट घट्ट करावा, पण पान्याला नळी लावून जोर करू नये. पात्याभोवतीची झाकणपट्टी टेबलाच्या पातळीत आहे का, हे तिच्यावरून पोलादी पट्टी आडवी फिरवून पाहावे. ती वर आली असेल तर लाकूड तिथे ठेचकाळते.

पाते खाचेला समांतर करणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. पाते पूर्ण वर उचलावे आणि ९० अंशांवर आणावे. मायटर गेजला एक सरळ लाकडी ठोकळा क्लॅम्पने घट्ट बांधावा आणि पात्याकडच्या टोकात गोल डोक्याचा पितळी स्क्रू पिळावा. स्क्रू पितळी असावा, कारण टीसीटी, म्हणजे कार्बाइडची टोके जडवलेल्या, पात्याच्या दात्यांचे कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते आणि पोलादाच्या ठोक्याने त्याचा टवका उडू शकतो. आता पात्याच्या पुढच्या बाजूचा, स्क्रूकडे झुकलेला एक दाता निवडून त्यावर मार्करने खूण करावी. गेज त्या दात्यासमोर आणावा आणि दाता स्क्रूच्या डोक्याला हलका टेकेल इतका ठोकळा पुढे सरकवून बांधावा. पाते हाताने मागेपुढे हलवले असता ‘टिक्’ असा बारीक आवाज यावा, पण दाता स्क्रूला ढकलू नये.

मग तोच खुणेचा दाता पाते फिरवून मागच्या बाजूला न्यावा, गेजही खाचेतून तिथे सरकवावा आणि पुन्हा तपासावे. दाता तोच ठेवण्याचे कारण असे, की पात्यातच किंचित वाकडेपणा असला तरी दोन्ही ठिकाणी तो सारखाच मोजला जातो आणि हिशेबातून वजा होतो. दुसरी काळजी गेजच्या पट्टीची घ्यावी. खाचेत तिला थोडा वाव असतोच, म्हणून दोन्ही मोजमापांच्या वेळी ती खाचेच्या एकाच कडेला दाबून धरावी. तसे केले नाही तर आपण पाते न मोजता पट्टीचा सैलपणा मोजत बसतो.

मागच्या बाजूला तसाच ‘टिक्’ आवाज आला तर पाते समांतर आहे. फट राहिली तर ती मोजावी. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो, त्यामुळे तो फटीत सरकवून अंदाज घेता येतो. मोटारसायकलचे टॅपेट लावताना मेकॅनिक जो फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) वापरतात, तो वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो आणि या कामाला उत्तम चालतो. वाळूज किंवा चिखलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळख असेल, तर तिथल्या मशीन शॉपमधून तासाभरासाठी डायल गेज मागून आणावा, त्यावर ०.०१ मिमीचा फरकही दिसतो. पुढचे आणि मागचे माप ०.१ मिमीच्या आत जुळले की फर्निचरच्या कामाला ते पुरेसे आहे. आपले मिस्त्री सुतात बोलतात, आणि १ सूत म्हणजे जवळपास ३ मिमी. म्हणजे इथे सुताचा तिसावा भाग पाहायचा आहे. तो टेपने किंवा नजरेने दिसत नाही.

फरक जास्त असेल तर दुरुस्ती यंत्राच्या प्रकारावर अवलंबून असते. लहान आणि मध्यम यंत्रांत पाते ज्या बिडाच्या आधारावर तोललेले असते, तो ट्रनियन टेबलाच्या खालच्या बाजूला बोल्टने बांधलेला असतो. पुढचा एक बोल्ट जरा आवळलेला ठेवून बाकीचे सैल करावेत, म्हणजे त्या बोल्टाभोवती ट्रनियन किंचित फिरतो, आणि लाकडी हातोडीने मागच्या बाजूला हलके टोले द्यावेत. मोठ्या, पेटीच्या आकाराच्या यंत्रांत ट्रनियन खालच्या पेटीला जोडलेला असतो, म्हणून तिथे टेबलाचे बोल्ट सैल करून टेबलच सरकवावे लागते. दोन्ही प्रकारांत बोल्ट आवळताना माप पुन्हा हलते. म्हणून एकच बोल्ट पूर्ण न आवळता सगळे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि दर वेळी पुढचे व मागचे माप तपासावे. पहिल्यांदा करताना चार-पाच फेऱ्या होतात, त्याने निराश होऊ नये.

माप जुळल्यावर पाते ४५ अंशांवर कलते करून हीच तपासणी पुन्हा करावी. सरळ उभ्या पात्याचे माप जुळते आणि कलत्याचे जुळत नाही, तर टेबल आणि त्याखालचा आधार एकमेकांशी पातळीत नाहीत. अशा वेळी एका बाजूच्या बोल्टाखाली पातळ पत्र्याची चकती घालावी लागते. नव्या माणसाने ही दुरुस्ती एकट्याने न करता जाणत्या मिस्त्रीला सोबत घ्यावे.

कोन

कोन तपासण्याआधी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचे साधन, तपासावा. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून पेन्सिलीने रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. मग तो टेबलावर उभा करून पात्याला टेकवावा, मात्र दात्यांना न टेकवता दोन दात्यांमधल्या सपाट अंगाला टेकवावा. दाते पात्याच्या अंगापेक्षा दोन्ही बाजूंना रुंद असल्याने त्यांना टेकवलेला गुण्या खोटा कोन दाखवतो. अधिक बारीक परीक्षेसाठी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) रुंद तुकडा उभ्या कडेवर ठेवून मधोमध कापावा, एक भाग उलटा करावा आणि दोन्ही कापलेल्या कडा एका सरळ पट्टीला लावून जोडाव्यात. कोनात चूक असेल तर फट दुप्पट होऊन दिसते. अर्थात हा काप पुढची सारी जुळणी झाल्यावरच घ्यावा.

फेन्स

फेन्स, जिला आपल्याकडे कित्येक जण नुसते ‘गाईड’ म्हणतात, ती खाचेच्या कडेपर्यंत सरकवून लॉक करावी आणि खाच व फेन्स यांच्या जोडावरून पुढून मागे बोट फिरवावे. बोटाच्या पेराला कागदाएवढी पायरीही जाणवते. पायरी जाणवली तर फेन्सच्या डोक्यावरचे किंवा बाजूचे स्क्रू फिरवून तिला समांतर करावे. कोणता स्क्रू कोणत्या बाजूला ढकलतो हे यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. फेन्स उघडून, दूर सरकवून, परत आणून पाच वेळा लॉक करावी आणि पाचही वेळा तेच माप मिळते का ते पाहावे. लॉक करताना फेन्सचे डोके पुढच्या रुळाला हाताने दाबून मगच खटका खाली करावा, नाहीतर मागचे टोक भटकते. स्वस्त यंत्रांत हा दोष सर्रास असतो, आणि तिथे खटक्यावर विसंबून न राहता दर कापाआधी खाचेपासून पुढे व मागे मोजणे हाच मार्ग उरतो.

काही जाणते मिस्त्री फेन्सचे मागचे टोक मुद्दाम पात्यापासून एका कागदाइतके बाहेर ठेवतात, तर फेन्सच्या दोन्ही बाजू वापरणारे ती पूर्ण समांतर ठेवतात, कारण एका बाजूने बाहेर असलेली फेन्स दुसऱ्या बाजूने पात्याकडे झुकते. नव्याने शिकणाऱ्याने फेन्स पात्याच्या उजवीकडेच वापरावी आणि समांतरतेचा प्रयत्न करावा, चूक राहिलीच तर ती ०.१ मिमीपर्यंत बाहेरच्या बाजूला राहू द्यावी असे मला वाटते. पात्याकडे मात्र ती केसभरही झुकू देऊ नये.

फेन्सची उंच बाजू टेबलाशी काटकोनात आहे का, हेही गुण्याने पाहावे. फेन्सच्या रुळावरच्या मोजपट्टीचा काटा सर्वांत शेवटी लावावा: एक पट्टी चिरावी, ती कॅलिपरने मोजावी आणि काटा त्या मापावर आणून स्क्रू आवळावा. पाते बदलले की त्याच्या कापाची जाडी बदलते, म्हणून काटाही पुन्हा तपासावा लागतो.

पात्यामागची सुरी

पात्याच्या मागे उभी असणारी पोलादी सुरी, म्हणजे रायविंग नाइफ, चिरलेल्या फळीचे दोन भाग मिटू देत नाही. जुन्या माळवदाच्या घरांतून निघालेल्या सागवानी तुळया आणि आपल्या शेतातली बाभूळ यांच्यात ताण साठलेला असतो, आणि चिरता चिरता त्यांची फट मिटून पाते आवळले जाते. अशा लाकडाला सुरीशिवाय हात लावू नये. जुन्या तुळईत खिळेही असतात, म्हणून आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे.

सुरी पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि दात्यांच्या कापापेक्षा पातळ असावी. पात्याचे अंग १.८ मिमी आणि काप २.६ मिमी असेल, तर २.२ मिमीची सुरी योग्य ठरते. तिच्यात आणि दात्यांत ३ ते ८ मिमी अंतर असावे, तिचे टोक पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावे, आणि पोलादी पट्टी पात्याला लावली असता ती दोन्ही बाजूंनी कापाच्या रुंदीच्या आत दिसावी.

गावोगावी फरशी कापायचे कटर लाकडी टेबलाखाली उलटे बसवून घरगुती टेबल सॉ केलेला दिसतो. तो मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेतो, त्याला सुरी नसते आणि फेन्स म्हणजे क्लॅम्पने बांधलेली पट्टी असते. गरजेपोटी लोक तो वापरतात हे मी जाणतो, तरीही त्यावर कोणी काम शिकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वरची जुळणी त्यावर नीट करताच येत नाही.

पहिला काप

सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, पाने व पट्ट्या टेबलावरून उचलाव्यात, पाते हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कुठेही घासत नाही हे पाहावे आणि मगच वीज जोडावी. पात्याच्या रेषेत उभे न राहता डावीकडे उभे राहून यंत्र मिनिटभर रिकामे चालवावे. पहिल्या कापासाठी दोन फूट लांब, सरळ कडेचा एमडीएफ घ्यावा. पाते मालाच्या वर सुमारे ५ मिमी राहील इतकेच उचलावे. पात्याजवळ वितीभर अंतराच्या आत हात न नेता ढकलकाठी वापरावी आणि माल पात्याच्या व सुरीच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलत राहावे. पलीकडे उभा असलेला मदतनीस आपल्याकडे माल ओढून घेतो, ही पद्धत सगळीकडे आहे आणि ती मोडायला हवी. त्याने माल फक्त खालून तोलावा, ओढू किंवा वळवू नये. कापलेला माल उचलण्याआधी पाते पूर्ण थांबू द्यावे.

कड सारखी व स्वच्छ निघाली, जळका वास आला नाही आणि मागच्या दात्यांचा दुसरा आवाज ऐकू आला नाही, तर जुळणी साधली. एमडीएफवर समाधान झाले की सागवानाच्या तुकड्यावर हेच करून पाहावे.

यानंतरची मापे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत: पुढचे माप, मागचे माप, फेन्सचा फरक आणि कोणते पाते होते. यंत्र जागेवरून हलवल्यावर, माल मागे फेकला गेल्यावर आणि वर्षातून दोनदा, म्हणजे मृगाचा पाऊस लागण्याआधी आणि दिवाळीनंतर, ही तपासणी पुन्हा करावी. पावसाळ्याच्या तोंडाशी बिडाच्या टेबलावर मेणाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने चकाकी येईपर्यंत घासावे, म्हणजे गंज धरत नाही आणि माल अडखळत नाही. फेन्सला लाकडी फळी जोडलेली असेल तर ती दमट हवेत फुगते, म्हणून पावसाळ्यात तिची समांतरता आठवड्यातून एकदा बोट फिरवून पाहावी.